विजेच्या मोटारीची चाके बदलताना...

अंबरनाथ (प्रतिनिधी) : नवी मोटार दारात आली की काही दिवसांतच तिच्या चाकांचा विषय निघतो. मूळची चाके साधी वाटतात, शेजारच्या गाडीची अ‍ॅलॉय चाके डोळ्यांत भरतात आणि टायरच्या दुकानातील झगमगते रिम खुणावू लागतात. पेट्रोल किंवा डिझेलच्या मोटारीत ही हौस पुष्कळदा निभावून जाते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मात्र चाक हा केवळ शोभेचा भाग राहत नाही. एकदा चार्ज केलेली गाडी किती अंतर जाईल, भर पावसात ती कुठे थांबेल आणि खड्ड्यात गेलेला रिम शाबूत राहील का, हे बऱ्याच अंशी चाक आणि टायर यांवरच ठरते.

अंबरनाथ पूर्वेकडील आनंदनगर औद्योगिक वसाहतीचा परिसर आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली उल्हासनगर व बदलापूर ही शहरे यांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. अंबरनाथपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर लोहमार्गाने सुमारे ६० किलोमीटर आहे. नोकरी-व्यवसायासाठी रोज मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबई गाठणाऱ्या मोटारमालकाच्या हिशेबात दहा-वीस किलोमीटरचा पल्लाही मोलाचा ठरतो. त्यातच औद्योगिक वसाहतीतील अवजड वाहतूक, खड्डे आणि जून ते सप्टेंबरचा मुसळधार पाऊस यांची भर पडते. म्हणूनच चाके बदलण्यापूर्वी थोडा अभ्यास केलेला बरा.

विजेची मोटार वेगळी का?

पहिले कारण वजनाचे आहे. जमिनीलगत बसवलेल्या बॅटरीमुळे विजेची मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा साधारणपणे दीडशे ते तीनशे किलोंनी जड असते. जानेवारी २०२०मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचे रिकामे वजन सुमारे १४०० किलो होते. त्यात पाच माणसे आणि सामान धरले तर हा भार अठराशे किलोंच्या घरात जातो आणि तो चार टायरांनाच पेलायचा असतो.

दुसरे कारण ओढीचे. विजेच्या मोटरची पूर्ण ताकद अ‍ॅक्सिलरेटर दाबताच चाकांना मिळते. पाय सोडला की हीच मोटर गाडीचा वेग कमी करून वीज पुन्हा बॅटरीत भरते. या दोन्ही क्रियांचा ताण ज्या चाकांना मोटर जोडलेली असते त्यांच्या टायरांवर येतो. त्यामुळे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या विजेच्या मोटारींचे पुढचे टायर लवकर झिजतात.

तिसरे कारण आवाजाचे. इंजिनाची घरघर नसल्याने टायरची गुणगुण केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येते. काँक्रीटच्या रस्त्यावर ती आणखी जाणवते. यासाठी काही टायरांच्या आतील बाजूस फोमचा थर चिकटवलेला असतो. असा टायर पंक्चर झाल्यास त्या जागेवरील फोम काढूनच दुरुस्ती करावी लागते आणि हे काम प्रत्येक पंक्चरवाल्याला जमतेच असे नाही.

टायरवरील अक्षरे कशी वाचावीत?

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची कुंडली कोरलेली असते. उदाहरणादाखल '२१५/६० आर १६ ९५ एच' हा आकार घेऊ. यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १२९ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ९५ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर योग्य हवेच्या दाबाला ६९० किलोंपर्यंत भार पेलू शकतो. 'एच' हे वेगाचे अक्षर ताशी २१० किलोमीटरची मर्यादा दाखवते.

विजेच्या मोटारीसाठी यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा भारांकाचा आहे. ९१ भारांकाचा टायर ६१५ किलोच पेलतो. म्हणजे ९५च्या जागी ९१चा टायर बसवल्यास प्रत्येक चाकामागे ७५ किलोंची क्षमता कमी होते. कागदावर चार टायरांची एकूण क्षमता तरीही गाडीच्या वजनापेक्षा जास्त दिसते. परंतु जोरात ब्रेक दाबला, वळण घेतले किंवा चाक खड्ड्यात आदळले की सगळा भार क्षणभर एक-दोन टायरांवर एकवटतो. त्यासाठीच ही जादा क्षमता राखलेली असते. तेव्हा भारांक मूळच्या टायरइतका किंवा त्याहून अधिक असावा; कमी कधीच नसावा. काही टायरांवर 'एक्सएल' अशी अक्षरे असतात. ते अधिक दाबाची हवा आणि त्यामुळे अधिक भार पेलण्यासाठी बनवलेले असतात.

टायर ज्या कामासाठी बनतो तेच काम त्याच्याकडून घ्यावे, याचा दाखला अंबरनाथकरांच्या घराजवळच आहे. येथील सिएट कंपनीच्या कारखान्यात शेती आणि बांधकामाच्या अवजड यंत्रांचे टायर तयार होतात. ट्रॅक्टरचा टायर मोटारीला चालत नाही, हे सांगावे लागत नाही. पण हलक्या मोटारीचा टायर जड मोटारीला चालणार नाही, हे सांगावे लागते. कारण डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

चाक मोठे, पल्ला लहान

रिम बदलताना बहुतेकांचा कल एक-दोन इंच मोठ्या चाकाकडे असतो. तसे करण्यास हरकत नाही, मात्र टायरसह चाकाचा एकूण व्यास बदलू देऊ नये. २१५/६० आर १६ या चाकाचा एकूण व्यास सुमारे ६६४ मिलिमीटर भरतो. २१५/५५ आर १७ घेतल्यास तो ६६८ होतो. हा फरक एक टक्क्यापेक्षाही कमी आहे. २१५/५० आर १८ घेतल्यास व्यास ६७२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा टक्का अधिक होतो. हे दोन्ही बदल हिशेबात बसतात. याउलट, रिम तोच ठेवून २३५/६० आर १६ असा रुंद टायर चढवला तर व्यास ६८८ मिलिमीटरवर जातो आणि फरक साडेतीन टक्क्यांहून अधिक होतो.

छोट्या मोटारीत ही चूक सहज घडते. टाटा टियागो ईव्हीचा १७५/६५ आर १४ हा टायर ५८३ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याऐवजी बाजारात सर्रास मिळणारा १८५/६५ आर १५ बसवला तर व्यास ६२१ मिलिमीटरच्या पुढे जातो आणि फरक साडेसहा टक्क्यांवर पोचतो. मग चाक वळताना आतील अस्तराला घासते. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे साडेसहा टक्के अधिक वेगाने धावत असते. धावलेले किलोमीटर कमी मोजले जातात आणि पल्ल्याचा अंदाजही चुकतो. सर्वसाधारण नियम असा, की व्यासातील फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा आणि तीन टक्क्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये.

व्यास जुळला तरी मोठ्या रिमची किंमत पल्ल्याच्या रूपाने मोजावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ह्युंदाई आयोनिक ६ या मोटारीच्या २०२३च्या मॉडेलसाठी दिलेले आकडे या बाबतीत बोलके आहेत. मोठी बॅटरी आणि मागच्या चाकांना एकच मोटर असलेल्या या गाडीचा पल्ला १८ इंची चाकांवर ३६१ मैल, म्हणजे ५८१ किलोमीटर आहे. तीच बॅटरी आणि तीच मोटर असलेल्या, परंतु २० इंची चाकांवरील श्रेणीचा पल्ला ३०५ मैल, म्हणजे ४९१ किलोमीटर भरतो. ९० किलोमीटरच्या या तफावतीत मोठ्या चाकांचा आणि रुंद टायरांचा वाटा मोठा आहे. जड रिम फिरवायला अधिक ऊर्जा लागते, रुंद टायर हवेला आणि रस्त्याला अधिक अडतो आणि मोकळ्या कडांच्या रिममधून हवा घुसळली जाते. विजेच्या अनेक मोटारींची मूळ चाके चपट्या, झाकलेल्या घडणीची का असतात, याचे उत्तर यात आहे. जी चाके साधी म्हणून काढून टाकावीशी वाटतात, तीच अनेकदा पल्ला राखत असतात.

रिम निवडताना

दुकानात 'बसते' आणि 'योग्य बसते' यांत फरक असतो. रिम घेताना पाच गोष्टी मूळच्या चाकाशी ताडून पाहाव्यात.

नटांचे वर्तुळ : नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार नटांचे १०० मिलिमीटर आणि पाच नटांचे ११४.३ मिलिमीटर ही आपल्याकडे वारंवार आढळणारी मापे आहेत. हे माप तंतोतंत जुळलेच पाहिजे.

मधले भोक : रिमचे मधले भोक गाडीच्या हबवर घट्ट बसावे. बाहेरून आणलेल्या रिमचे भोक बहुधा मोठे असते. ती पोकळी भरून काढण्यासाठी योग्य मापाची कडी बसवावी. अन्यथा बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत राहते.

ऑफसेट : रिमवर 'ईटी' या अक्षरांपुढे हा आकडा असतो. ईटी ४५च्या जागी ईटी ३५चा रिम लावल्यास चाक १० मिलिमीटर बाहेर येते. रिमची रुंदी एक इंचाने वाढवली तर आत आणि बाहेर मिळून आणखी २५ मिलिमीटर जागा लागते. चाक बाहेर आले की बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो.

रुंदी : टायरच्या मानाने रिम फार रुंद किंवा फार अरुंद नसावा. २१५/६० आर १६ या टायरला ६ ते ७.५ इंच रुंदीचा रिम चालतो.

रिमची भारक्षमता : टायरप्रमाणे रिमलाही मर्यादा असते. ती रिमच्या मागच्या बाजूस किलोंमध्ये कोरलेली असते. विजेच्या मोटारीसाठी हा आकडा आवर्जून पाहावा. ज्या रिमवर तो आकडा नाही, आयएसआय चिन्ह नाही आणि 'जेडब्ल्यूएल'सारखी चाचणीची मोहोरही नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वाकलेला किंवा तडा गेलेला रिम वेल्डिंग करून, रंग देऊन पुन्हा विकला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

कोणता टायर घ्यावा?

विजेच्या मोटारींसाठी खास टायर आता भारतातही मिळतात. अपोलोने २०२२मध्ये 'अँपेरियन' ही मालिका आणली. सिएटची 'एनर्जीड्राइव्ह' याच वर्गातली आहे. या टायरांत रस्त्यावर लोळताना होणारा विरोध कमी, आवाज कमी आणि बाजू मजबूत ठेवण्याचा प्रयत्न असतो. मात्र 'ईव्ही' ही अक्षरे म्हणजे सर्वस्व नव्हे. आकार, भारांक आणि वेगाचे अक्षर जुळणारा, कमी विरोधाचा आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा साधा टायरही चालू शकतो.

येथे एक तारतम्य राखावे लागते. विरोध कमी करण्याच्या नादात ओल्या रस्त्यावरील पकड गमावणे परवडणारे नाही. केंद्र सरकारने २०२२मध्ये टायरच्या लोळण-विरोधाबरोबर ओली पकड आणि आवाज यांचीही मानके लागू केली. ऊर्जा दक्षता ब्युरोची टायरसाठी ऐच्छिक तारांकन योजनाही आहे. घरातल्या फ्रिजचे तारे पाहून खरेदी करणाऱ्या ग्राहकाने टायरचेही तारे विचारायला हरकत नाही.

मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह आणि 'आयएस १५६३३' हा मानक क्रमांक असावा. बाजूवरील चार आकडी संख्या टायरच्या जन्माची असते. २३२५ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत कशाची आहे हे या चार आकड्यांवरून कळते. एकाच आसावर दोन वेगळ्या बनावटीचे किंवा वेगळ्या झिजेचे टायर बसवू नयेत.

इथले रस्ते, इथला पाऊस

कल्याण-बदलापूर रस्ता असो की काटई-बदलापूर हा पाइपलाइनलगतचा रस्ता, टँकर आणि कंटेनर यांच्या जोडीने मोटारी धावतात. पावसाळ्यात पाण्याखालील खड्डा दिसत नाही. अशा वेळी धक्का झेलते ती टायरची भिंत. १६ इंची चाकावर १२९ मिलिमीटर असलेली ही भिंत १८ इंची चाकावर १०७ मिलिमीटरच उरते. सव्वादोन सेंटिमीटरच्या या फरकामुळे जो धक्का रबर गिळून टाकते, तोच धक्का रिमपर्यंत पोचतो. रिम वाकतो किंवा टायरच्या बाजूला फुगवटा येतो. असा फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

याला जोडून स्टेपनीचा प्रश्न येतो. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास ट्यूबलेस टायरच्या मोटारीत स्टेपनी न देण्याची मुभा केंद्र सरकारने २०२०मध्ये दिली. विजेच्या अनेक मोटारींत त्यामुळे स्टेपनी नसते. संचातील द्रव खिळ्याचे छोटे छिद्र बुजवतो, फाटलेली बाजू नव्हे. स्टेपनी नसलेल्या गाडीला बुटक्या बाजूचे टायर लावणे म्हणजे रात्री-अपरात्री रस्त्यात अडकण्याची तयारी ठेवणे होय. ज्यांच्या गाडीत स्टेपनी आहे, त्यांनी नव्या चाकांचा व्यास तिच्याशी जुळतो ना, हे पाहावे.

साचलेल्या पाण्यावरून जाताना टायरच्या खाचांनी पाणी बाजूला सारायचे असते. टायर जितका रुंद आणि जितका झिजलेला, तितका तो पाण्यावर लवकर तरंगतो आणि मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीच्या खाचा असणे कायद्याने बंधनकारक आहे. जड मोटारीच्या मालकाने मात्र पावसाळ्याच्या तोंडावर त्या मर्यादेची वाट न पाहता ३ मिलिमीटरच्या आसपासच टायर बदलणे शहाणपणाचे ठरते.

चाके बसवताना

योग्य माल घेऊनही चुकीच्या बसवणीने नुकसान होऊ शकते. सर्वांत मोठा धोका जॅकचा आहे. विजेच्या मोटारीच्या पोटाखाली दोन्ही आसांच्या मधोमध बॅटरीची पेटी असते. सवयीने जॅक मधे लावला तर पेटीचे आवरण चेपते. ती दुरुस्ती चार नव्या चाकांच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडू शकते. जॅक किंवा लिफ्टचे हात मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागांवरच लावावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी मालकाने त्या जागा कारागिराला स्वतः दाखवाव्यात. गाडी बंद करून, चार्जिंगची केबल काढून, हँडब्रेक लावूनच ती उचलावी. खाली दिसणाऱ्या नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये.

हवेचा दाब मोजणारे सेन्सर पुष्कळदा व्हॉल्व्हलाच जोडलेले असतात. टायर काढताना यंत्राचा दांडा त्यांच्यावर आदळू नये, याची आधी कल्पना द्यावी. नव्या रिममध्ये तेच सेन्सर बसतात का, हेही खरेदीपूर्वीच विचारावे.

हब स्वच्छ पुसून घ्यावा. नव्या रिमला मूळचे नट चालतात का, हे तपासावे. नटाचे तोंड कुठे शंकूसारखे तर कुठे गोल असते आणि चुकीचा नट हळूहळू सैल होतो. नट प्रथम हाताने फिरवून बसवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. शेवटचा पिळा हवेच्या बंदुकीने न देता टॉर्क पान्ह्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच द्यावा. त्यानंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावी. सुमारे १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत. ही शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वाधिक विसरली जाणारी आहे.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या एखाद्या श्रेणीत दिलेला आकार निवडणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. शंका असल्यास 'एमएच ०५' क्रमांकाच्या वाहनधारकांनी कल्याणच्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

बाहेरून बसवलेल्या चाकांमुळे बेअरिंग किंवा सस्पेन्शन बिघडले तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीलाही बदलाची लेखी माहिती द्यावी. नवी अ‍ॅलॉय चाके पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवली नसतील, तर अपघातानंतर त्यांची भरपाई मिळणे अवघड होते. चाकांचे पक्के बिल जपून ठेवावे. मूळची चाकेही विकून टाकू नयेत. गाडी विकताना त्यांचाच उपयोग होतो.

बदलानंतरची निगा

हवेचा दाब दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासावा. दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरील आकडा मूळ आकाराच्या टायरसाठी असतो. आकार बदलला असल्यास टायरविक्रेत्याकडून भारानुसार योग्य दाब लिहून घ्यावा. दाब कमी असेल तर पल्ला घटतो आणि टायर तापतो. दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढची-मागची चाके अदलाबदल करावीत, म्हणजे झीज समान होते. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे, तो त्याच बाजूला ठेवावा.

काढलेले टायर गच्चीत किंवा इमारतीच्या आवारात टाकून ठेवण्याची सवय मात्र सोडायला हवी. त्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा जुने टायर विक्रेत्याकडेच परत द्यावेत.

चाकांची निवड करताना क्रम असा ठेवावा : आधी भारांक, मग व्यास, मग ओल्या रस्त्यावरील पकड, त्यानंतर पल्ला आणि सर्वांत शेवटी रूप. दुकानात हा क्रम बहुधा नेमका उलटा असतो. म्हणून मूळ टायरचा आकार, भारांक, रिमचा ऑफसेट आणि नटांचे माप एका कागदावर लिहून घरूनच न्यावे. तो कागद हाती असला की विक्रेत्याशी बोलणे सोपे होते आणि फसगतही टळते.